युरोपात यंदा मॉडर्न आर्ट बघायचं तर कुठे जायचं? (रिख्टर, कुसामा, ब्रांकुशी आणि बरंच काही)

ऋचा_एसेन | ४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. दर वर्षी या दिवसांत व्यनि (खाजगी निरोप) यायला लागतात, की आम्ही मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला येतोय, लूव्र आणि मोनालिसा यादीत आहेच पण मॉडर्न आर्ट बघायचं असेल तर कुठे जायचं. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच धागा काढते, बाकीच्यांनी भर घाला. मी समीक्षक वगैरे नाही, नोकरी भलतीच आहे, पण शनिवारी सकाळची ट्रेन पकडून म्युझियमं हिंडायचं वेड आहे.

आधी वाईट बातमी. पॅरिसचं पाँपिदू सेंटर बंद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दारं लागली ती आता २०३० ला उघडणार. १९७७ ची इमारत, तिच्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचंय आणि एकूणच डागडुजी आहे. बाहेरून फोटो काढता येईल, निळे पाइप हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे आणि लाल म्हणजे माणसांची ये-जा, पण आत जाता येणार नाही. ट्रॅव्हल कंपन्यांच्या जुन्या पीडीएफमध्ये अजून पाँपिदू दिसतं, त्यावर जाऊ नका.

पण एवढा मोठा संग्रह पाच वर्षं गोदामात थोडाच ठेवतील, तो गावोगाव फिरतोय आणि ही खरं तर आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे. पॅरिसमध्येच ग्राँ पालेत पाँपिदूची प्रदर्शनं भरतात, मार्च अखेरीला तिथे मातिसचं मोठं प्रदर्शन लागतंय, त्याच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांचं, म्हणजे कात्रीने रंगीत कागद कापून केलेली कामं. बर्लिनला नॉय नॅशनलगॅलरीत २० मार्चपासून शिल्पकार ब्रांकुशी. मेत्सला पाँपिदूची शाखा आहे ती चालूच आहे.

आत्ता लगेच कोणी येणार असेल तर पॅरिसचं लुई व्हितों फाउंडेशन, गेरहार्ड रिख्टर, २ मार्चपर्यंत. सुमारे २७० कामं, १९६२ पासून २०२४ पर्यंतची. मी नोव्हेंबरात बघितलं आणि अजून डोक्यातून जात नाही. माणूस १९३२ चा, ड्रेस्डेनचा, भिंत उभी राहायच्या जरासं आधी १९६१ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेला निघून आला. सुरुवातीची चित्रं घरातल्या फोटोंवरून काढलेली, आणि ओला रंग कोरड्या ब्रशने आडवा फिरवून पुसट केलेली. 'रुडीमामा' म्हणून एक आहे, १९६५ चं, आईचा भाऊ, जर्मन सैन्याच्या लांब कोटात कॅमेऱ्याकडे बघून छान हसतोय. चित्र तसं छोटंच. लांबून वाटतं फोटो हलला असेल, आणि जवळ गेलं की त्या हसणाऱ्या तोंडावरून ब्रशचे केस गेलेले दिसतात, आडव्या रेघा, गणवेशाची बटणं त्यात विरघळलेली. त्याच वर्षी त्याने मारियान मावशीचंही चित्र काढलंय, मानसिक आजारी म्हणून नाझींनी जिला मारलं ती. एकाच घरात हे दोघं. नंतरच्या मोठ्या अमूर्त चित्रांत त्याने काच पुसायची रबरी पट्टी असते तसली अवाढव्य पट्टी वापरलीय, रंगावर रंग चढवायचा आणि खरवडायचा, खालचा पिवळा मधेच कुठेतरी डोकं वर काढतो. २०१७ नंतर त्याने तैलरंग बंदच केले, आता नुसती रेखाटनं.

जपानच्या यायोई कुसामाबाईंचं प्रदर्शन बासलजवळ बायलर म्युझियमला २५ जानेवारीपर्यंत आहे, मग मार्चपासून कोलोनच्या लुडविग म्युझियममध्ये, आणि सप्टेंबरपासून अ‍ॅमस्टरडॅमला श्टेडेलिकमध्ये. कोलोन मला जवळचं, स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल आणि त्याच्या मागेच लुडविग, सामान लॉकरमध्ये टाकून चार तासांत बघून पुढची ट्रेन पकडता येते. आणि लुडविगमध्ये वर पिकासोचा प्रचंड साठा आहे तो कोणी बघत नाही, सगळे कुसामाच्या आरशांच्या खोलीत सेल्फी काढायच्या रांगेत.

लंडन मला फार माहीत नाही, प्राचीने लिहावं.

---

मन्या_म्युनिक

धागा झकास. एक भर, म्युनिकच्या पिनाकोथेक डेर मोडेर्नला रविवारी फक्त १ युरो तिकीट असतं. बर्लिनचा फुकटचा म्युझियम रविवार मात्र २०२४ च्या डिसेंबरनंतर बंद केला लेकाच्यांनी, पैसे नाहीत म्हणे.

---

नाना_ठाणे

ऋचाताई, लेखन आवडलं पण एक विचारतो, राग मानू नये. गेल्या खेपेला मुलाकडे गेलो होतो तेव्हा सूनबाईंनी असल्याच एका ठिकाणी नेलं. एक अख्खी भिंत, त्यावर मरून रंगाचा कॅनव्हास, त्यावर काळपट चौकोन. संपलं. लोक समोर बाकावर बसून बघतायत, एक बाई रडत होती. मी मुलाला म्हटलं अरे आपल्या सोसायटीच्या जिन्यात ओल आलीय ती याहून बरी दिसते. आणि ते केळं भिंतीला चिकटपट्टीने चिकटवून कोट्यवधीला विकलं, ती कला? आमच्या वेळेला जे.जे.च्या पोरांना हात काढता येत नसेल तर मास्तर वर्गाबाहेर काढायचे. रिख्टर वगैरे ठीक आहे, त्याला निदान मामा काढता येतो.

---

चहाबाज

नाना रॉक्स 😀 सोसायटीच्या ओलीला आता लुई व्हितोंत पाठवा

---

ऋचा_एसेन

नाना, राग कसला, अर्धा युरोप हेच म्हणतो. ते केळं कात्तेलानचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्याने पत्रकारांसमोर सोलून खाल्लं. दुसरी प्रत सध्या मी वर म्हटलं त्या मेत्सलाच आहे, कात्तेलानच्याच प्रदर्शनात, २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू आहे ते. तिथे गेल्या जुलैत एका प्रेक्षकाने भिंतीवरचं केळं खाल्लं, रखवालदारांनी शांतपणे दुसरं आणून लावलं, झालं. मलाही केळं विनोद म्हणून आवडतं, त्यापुढे नाही. चुटकुला एकदा ऐकायचा असतो.

पण "ही कला आहे का" हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय, आणि तो ब्रांकुशीमुळेच. त्याचा 'अवकाशातला पक्षी' म्हणून ब्राँझचा, पंख नाहीत, चोच नाही, नुसता वर निमुळता होत गेलेला चकचकीत आकार. १९२६ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला उतरला तर कस्टमवाले म्हणाले हे शिल्प नव्हे, आणि स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या सदराखाली ४० टक्के कर लावला. शिल्पाला कर माफ होता. मग खटला, साक्षीपुरावे, साक्षीदारांना पिंजऱ्यात उभं करून विचारलं की हा पक्षी दिसतो का, रानात दिसला तर गोळी घालाल का, आणि १९२८ मध्ये निकाल लागला की पक्ष्यासारखं दिसत नसलं तरी बघायला सुंदर आहे, दागदागिन्यासारखं कुठल्या वापराचं नाही, कलाकाराने केलंय, म्हणजे कला.

तेव्हा नाना, तुमची बाजू वकिलांनी आधीच मांडून झालीय, हरलात 😀

---

मल्हार_इंदूर

ब्रांकुशीचं नाव निघालं आणि इंदूरवाला गप्प बसेल हे शक्य नाही.

त्या 'पक्ष्या'ची भावंडं आमच्याकडे होती मंडळी. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, ऑक्सफर्डला शिकलेले, सतरा वर्षांचे असताना गादीवर आले, त्यांनी पॅरिसमध्ये ब्रांकुशीकडून ब्राँझचा पक्षी घेतला आणि मग अजून दोन करायला सांगितले, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. तिन्ही पक्षी एका ध्यानमंदिरात ठेवायचे, मंदिराचा आराखडा ब्रांकुशीनेच करायचा. १९३७-३८ च्या हिवाळ्यात म्हातारा स्वतः इंदूरला येऊन राहिला. पण मंदिर काही झालं नाही. ते काळा-पांढरा दोन्ही आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय गॅलरीत आहेत.

महाराजांचा माणिकबाग पॅलेस एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मनाने बांधला, आतलं फर्निचर, दिवे, गालिचे सगळं त्या काळातलं सगळ्यात नवं. २०१९ च्या सप्टेंबरपासून पॅरिसच्या आर देकोरातिफ म्युझियममध्ये या सगळ्याचं प्रदर्शन होतं, मी तेव्हा मुद्दाम गेलो होतो, आपल्या गावातली खुर्ची बघायला पॅरिसला तिकीट काढून. तिथे मान रेने काढलेले महाराज आणि संयोगिताराजे यांचे फोटो आहेत, दोघं हसतायत, लोळतायत, राजा-राणीच्या दरबारी फोटोसारखं काहीच नाही. आणि बुते द मोंव्हेलने काढलेली महाराजांची दोन पोर्ट्रेट, एकात पाश्चात्य ड्रेस-सूट आणि काळा झगा, दुसऱ्यात पांढरा मराठी पोशाख, डोक्याला लाल होळकरी पगडी, मांडी घालून बसलेले. दुसऱ्यात बोटं बघा, नुसती लांब लांब, पाठीमागे सगळं कोरं पांढरं. तिथे एक फ्रेंच आजी मला विचारत होत्या हे महाराजा कुठले, म्हटलं आमचेच.

आता गंमत ऐका. माणिकबागेत आज काय आहे? कस्टम आणि केंद्रीय अबकारी, आता जीएसटीवाले, त्यांचं ऑफिस. ज्या पक्ष्याला अमेरिकेच्या कस्टमने अडवलं त्याच्या भावंडांच्या मालकाच्या घरात कस्टम येऊन बसलं.

---

चहाबाज

मल्हारराव हा किस्सा जबरी. वेगळा धागा काढा होळकरांवर.

---

नाना_ठाणे

हे मला ठाऊकच नव्हतं. होळकरांनी घेतलं म्हणजे काहीतरी असेल त्यात. (तरी ती ओल ती ओलच.)

---

प्राची_लंडन

आले गं ऋचा, उशीर झाला, ऑफिसात मरणाचं काम.

नाना, तुम्ही जे मरून रंगाचं बघितलंत ते बहुतेक टेट मॉडर्नमधले अमेरिकन चित्रकार रॉथकोचे सीग्राम म्युरल्स. त्यांची गोष्ट ऐका मग ओल म्हणा. न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगमधल्या एका अतिमहाग रेस्टॉरंटसाठी त्याला ऑर्डर मिळाली होती, चित्रं काढून झाली, मग एकदा बायकोबरोबर तिथे जेवायला गेला आणि घरी येऊन म्हणाला असल्या किमतीत असलं जेवण जेवणारा माणूस माझं चित्र कधी बघणार नाही, आणि पैसे परत केले. त्यातली नऊ टेटला दिली. ती पेटाऱ्यांतून लंडनला पोचली ती तारीख २५ फेब्रुवारी १९७०, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने जीव दिला. खोलीत दिवे मुद्दाम मंद असतात, पहिली दोन मिनिटं खरंच काही दिसत नाही. डोळे सरावले की मग मरूनच्या आत वेगवेगळे मरून दिसायला लागतात, चौकटीच्या कडा थरथरल्यासारख्या होतात, काही ठिकाणी रंग इतका पातळ आहे की खालचं कापड दिसतं. २०१२ मध्ये एकाने त्यातल्या एकावर शाईने नाव लिहून ठेवलं, ते काढायला दीड वर्ष लागलं कारण रॉथकोने अंडं, राळ, रंग काय काय कालवून थर दिले होते आणि शाई सगळ्यांतून आरपार गेली होती.

बाकी टेट मॉडर्नचा कायमचा संग्रह फुकट आहे, मुख्य मोठ्या प्रदर्शनांनाच तिकीट. पूर्वीचं वीज केंद्र, २००० साली म्युझियम झालं, टर्बाइन हॉलमध्ये दर वर्षी एकाच कलाकाराला अख्खी जागा देतात. सध्या ६ एप्रिलपर्यंत मारेत आन्ने सारा, नॉर्वेकडची सामी जमातीची बाई, घरचे रेनडिअर पाळणारे. तिने २८ मीटर उंचीपर्यंत रेनडिअरची कातडी विजेच्या केबल्समध्ये गुंतवून टांगलीत. खाली उभं राहून वर बघताना मान दुखते, आणि वास येतो, खरा जनावराचा. पुढे एक लाकडी चक्रव्यूह आहे, रेनडिअरच्या नाकाच्या आतल्या रचनेवरून केलेला, त्यात शिरून बसायचं, कानाला लावून सामी लोकांचं बोलणं ऐकायचं. पोरं धुडगूस घालतात तिथे, कोणी ओरडत नाही.

तिकिटाची: पिकासोचं १२ एप्रिलपर्यंत, नायजेरियन मॉडर्निझम मे पर्यंत आणि माझं मत विचाराल तर पिकासो सोडा, नायजेरियावालं बघा. पिकासो तुम्हाला दहा ठिकाणी भेटेल. ब्रिटिशांनी काढलेल्या आर्ट स्कूलात शिकायचं आणि मग स्वतःचं काय ते शोधायचं, हे जे.जे.वाल्यांना काही नवीन नाही, ते दुसऱ्या देशात कसं घडलं ते बघायला मजा येते. फेब्रुवारी अखेरीपासून ट्रेसी एमिन, जूनपासून फ्रीडा काहलो, तिची तिकिटं लवकर घ्या.

रॉयल अकॅडमीत मृणालिनी मुखर्जी आणि तिच्या गोतावळ्याचं प्रदर्शन २४ फेब्रुवारीपर्यंत आहे. दोरखंडाच्या गाठी मारून मारून माणसाहून उंच देवता केल्यात तिने, देवी म्हणावं तर भीती वाटते आणि झाड म्हणावं तर ती तुमच्याकडे बघतेय.

आणि नॅशनल गॅलरीत जाणार असाल तर पाण्याची बाटली नेऊ नका, चित्रांवर सूप फेकायचे प्रकार झाल्यापासून, ऑक्टोबर २०२४ पासून द्रव पदार्थ बंद. बाळाचं दूध आणि औषधं चालतात.

---

मांडवी_काठ

सगळं ठीक, पण आमच्या सोझाचं नाव अजून कोणी काढलं नाही? फ्रान्सिस न्यूटन सोझा, सालिगावचा. जे.जे.तून १९४५ मध्ये काढून टाकलेला, १९४७ ला रझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, १९४९ ला लंडनला गेला आणि १९५५ च्या प्रदर्शनानंतर तिथे नाव झालं. टेटकडे त्याचं 'क्रूसारोहण' आहे, १९५९ चं. गोव्याच्या चर्चमधला येशू कसा, मवाळ, गोरा, आणि याचा येशू बघा, काळा, दात विचकलेला, अंगात काटे शिरलेले. लहानपणी ज्या चर्चची भीती वाटली तिचंच चित्र काढलं त्याने असं मला वाटतं.

---

प्राची_लंडन

बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण एक सांगते, टेटकडे असणं आणि टेटमध्ये लागलेलं असणं यात फरक आहे. बहुतेक संग्रह गोदामात असतो आणि आलटून पालटून लावतात. वेबसाइटवर प्रत्येक चित्राखाली सध्या लावलंय का ते लिहिलेलं असतं, ते बघून मगच जा, नाहीतर सोझासाठी आलेला माणूस दुसरंच काही बघून परत जातो.

---

बल्लारशा_एक्स्प्रेस

मुंबई-गोवा झालं, आता आमच्या चंद्रपूरचंही ऐका. प्रभाकर पाचपुते, सास्तीचा, १९८६ चा जन्म. सास्ती म्हणजे कोळशाची खाण, दुसरं काही नाही. हा कोळशानेच भिंतीवर काढतो, माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी खाणीतला दिवा नाहीतर यंत्र, जमीन अशी आतून पोखरलेली. २०२१ मध्ये कार्डिफचा आर्तेस मुंडी पुरस्कार त्या वेळी सहाही कलाकारांत वाटून दिला, त्यात हा होता. आता वेल्स म्हणजे तरी काय, कोळशाच्या खाणी बंद पडलेला मुलुख. तिथल्या म्युझियमात वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) गावचं पोरगं आपली खाण काढतं आणि तिथल्या म्हाताऱ्यांना कोणी समजावून सांगावं लागत नसेल. हे कोलोनच्या आरशांच्या खोलीपेक्षा लाख पटीने भारी आहे बाप्पा.

आणि नागपूरवाल्यांनो, गायतोंडे तुमचेच, जन्म नागपूरचा १९२४, आईवडील गोव्याकडचे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमनंतर त्यांचं प्रदर्शन व्हेनिसला पेगी गुगेनहाइमच्या वाड्यात गेलं होतं, ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१६. ग्रँड कॅनॉलवर गायतोंडे!

---

मन्या_म्युनिक

अमोल पाटीलही घ्या यात. आजोबा पोवाडे करणारे, वडील नाटकवाले, मुंबईच्या चाळीतलं घर. २०२२ ला कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात यलगार सांस्कृतिक मंचाच्या लोकांबरोबर होता, मी तिथे मराठी ऐकून थबकलोच, आणि २०२३ ला लंडनच्या हेवर्डमध्ये त्याचं प्रदर्शन झालं. आणि जिव्या सोमा म्हसे तर फार आधी, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँगबरोबर जोडीने. डहाणूकडचे वारली चित्रकार आणि इंग्लंडचा चालून चालून जमिनीवर रेघ पाडणारा माणूस, दोघांची वर्तुळं एकाच इमारतीत.

---

शुभदा_नागपूर

मग सावी सावरकर विसरू नका, तेही आमचेच. लंडनच्या बार्बिकनला ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ भारतातल्या १९७५ ते १९९८ च्या कलेचं प्रदर्शन झालं, तीस एक कलाकार, त्यात ते होते. गळ्यात मडकं, पाठीला झाडू, पेशवाईतल्या पुण्यातला अस्पृश्य असा विषय घेऊन एचिंग करणारा दुसरा कोण आहे? आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धनही होते, नाना तुमच्या गावचे, पेशाने रेडिओलॉजिस्ट, आणि चित्रांत लोकल, पूल, कामगार, इराण्याकडचा चहा. त्यांना हात काढता येतो, काळजी नसावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे सगळं बघायला आपण युरोपच्या धाग्यावर चर्चा करतोय आणि नागपुरात या लोकांची चित्रं कायमची बघायची सोय नाही. सावरकरांचं एक चित्र शाळेच्या सहलीला दाखवता आलं असतं तर.

---

नाना_ठाणे

पटवर्धन डॉक्टरांना मी ओळखतो म्हणजे त्यांची चित्रं ओळखतो. जहांगीरला बघितलीत. ठाण्याची खाडी, मागे चिमण्या, पुढे माणूस उभा. ती मला कळतात. ती बार्बिकनला गेली हे वाचून बरं वाटलं.

---

स्वप्ना_नाशिक

ऋचाताई, आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माद्रिद-पॅरिस करतोय, नवरा, मी आणि अकरा वर्षांची मुलगी. बजेट जेमतेम. नवऱ्याला मॉडर्न आर्टची अ‍ॅलर्जी. काय काय बसवू? लूव्रचं तिकीट महाग झालं म्हणे?

---

ऋचा_एसेन

स्वप्ना, हो, लूव्र १४ जानेवारीपासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो, आधी २२ होतं. मुलीला फुकट आहे, पण तुम्हा दोघांचे ६४. (युरोपात शिकणारी आपली पोरं वाचत असतील तर, २६ वर्षांखालच्या इथल्या रहिवाशांना फ्रान्सच्या सरकारी म्युझियमांत कायमचा संग्रह मोफत असतो, भारतीय पासपोर्ट असला तरी, निवासाचं कार्ड दाखवायचं.)

तुझ्या बजेटला पॅरिसमधली माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे शहराचं मॉडर्न आर्ट म्युझियम, मेट्रो स्टेशन इएना. कायमचा संग्रह सगळ्यांना फुकट, आणि गर्दी नाही. तिथे राउल द्युफीचं 'विजेची परी' आहे, १९३७ च्या जागतिक प्रदर्शनात वीज मंडपासाठी केलेलं, १० मीटर उंच आणि ६० मीटर लांब, २५० फळ्या जोडून. अर्धगोल खोलीच्या सगळ्या भिंतींवर ते एकच चित्र. खाली रांगेने शास्त्रज्ञ, अगदी अ‍ॅरिस्टॉटलपासून एडिसनपर्यंत, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं, मधे वीज केंद्राची यंत्रं आणि त्यांच्या डोक्यावर ऑलिंपसचे देव बसलेत. रंग असा की रेघेच्या बाहेर सांडलाय, एका माणसाचा निळा शेजारच्याच्या कोटावर. मुलीला सांग शाळेत शिकलेले शास्त्रज्ञ शोधून काढ, ती अर्धा तास हलणार नाही. शेजारच्या दालनात मातिसचं 'नृत्य' आहे, तेही भिंतभर.

माद्रिदचं चिन्मय सांगेल.

---

चिन्मय_माद्रिद

हजर. रेना सोफियाला संध्याकाळी ७ ते ९ फुकट, सोमवार आणि बुधवार ते शनिवार, रविवारी दुपारी साडेबारा ते अडीच. मंगळवारी बंद, पर्यटक दर मंगळवारी दारात येऊन हळहळतात. फुकटच्या वेळेला रांग असते, साडेसहालाच उभे राहा.

पिकासोचं गेर्निका दुसऱ्या मजल्यावर. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. ऋचाने द्युफी सांगितलं ते ज्या प्रदर्शनासाठी झालं त्याच १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे स्पेनच्या मंडपात होतं, एकीकडे विजेचं कौतुक आणि दुसरीकडे विमानांनी एका बाजाराच्या गावावर टाकलेले बॉम्ब. एप्रिलमध्ये हल्ला झाला आणि जूनमध्ये चित्र तयार. लोक येतात, समोर मधोमध उभे राहतात, फोटो काढतात (२०२३ पासून फोटो चालतो, पूर्वी बंदी होती) आणि जातात. मी सांगतो तसं करा, आधी डाव्या टोकाला जा, मेलेलं पोर घेतलेली आई आहे तिची जीभ बघा, टोकदार, खिळ्यासारखी. घोड्याची जीभही तशीच आहे. मग घोड्याचं अंग बघा, त्यावर बारीक बारीक उभ्या रेघा मारल्यात ओळींनी, वर्तमानपत्राच्या छपाईसारख्या, कारण पिकासोला गावातली बातमी पेपरातूनच कळली होती. खाली सैनिकाच्या तुटलेल्या हातात तलवारीशेजारी एक छोटं फूल आहे, ते बहुतेकांना दिसतच नाही. बाजूच्या भिंतीवर पिकासोची मैत्रीण डोरा मारने काढलेले फोटो आहेत, चित्र होत असताना कसं बदलत गेलं त्याचे, नवऱ्याची अ‍ॅलर्जी जाईल तर तिथे जाईल. सुरुवातीला सैनिकाची मूठ वर उगारलेली होती आणि मागे सूर्य होता, मग पिकासोने ती पुसली.

चित्र स्पेनला १९८१ मध्ये परत आलं, हुकूमशहा फ्रँको गेल्यावर, लोकशाही आल्याशिवाय द्यायचं नाही असं पिकासोने बजावून ठेवलं होतं.

---

स्वप्ना_नाशिक

चिन्मयदादा, खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, म्हणाला गेर्निका बघू, केळं नको.

पाँपिदू नाही तर पॅरिसमध्ये ग्राँ पालेचं मातिस घेऊ का लुई व्हितों?

---

ऋचा_एसेन

तुम्ही एप्रिलात, म्हणजे रिख्टर गेलेला असेल, मातिस घ्या. वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा, सकाळचं पहिलं. आणि एका दिवसात एकच. दोन म्युझियमं एका दिवसात करायला जाऊ नका, दुसऱ्यात माणूस चित्रं बघत नाही, बसायला बाक शोधतो. आत गेल्यावर सगळी दालनं एकदा भराभर चालून या, मग आवडलेल्या पाच-सहा चित्रांकडे परत जा. लेबल नंतर वाचायचं.

लुई व्हितोंची इमारत बाहेरून बघायची असेल तर १ नंबरची मेट्रो, ले साब्लों स्टेशन. फ्रँक गेरीची, काचेची शिडं. गेरी नुकताच डिसेंबरात गेला, ९६ वर्षांचा होऊन. आणि लूव्रसमोरच कार्तिए फाउंडेशनची नवी जागा ऑक्टोबरपासून उघडलीय, जुन्या इमारतीच्या पोटात जमिनी वर-खाली सरकतात, जाँ नूव्हेलने केलंय. खिडकीतून रस्त्यावरूनही बरंच दिसतं, तिकीट न काढता.

---

नाना_ठाणे

ऋचाताई, आम्ही जूनमध्ये परत मुलाकडे जातोय, लंडनला. सूनबाईंना सांगितलंय की ते मरून रंगाचं परत बघू. गुडघे दुखतात म्हणून विचारतो, त्या खोलीत बाक आहेत ना अजून? आणि लिफ्ट कुठल्या दाराने?

---

प्राची_लंडन

आहेत नाना, मधोमध बाक आहेत. टर्बाइन हॉलच्या बाजूने उताराने आत या, पायऱ्या नाहीत, लिफ्ट तिथून जवळ आहे. सकाळी दहाला उघडतं, तेव्हाच जा, अकरानंतर शाळेची पोरं येतात. तेव्हा फ्रीडाचीही गर्दी असेल. येताना व्यनि करा, मी जवळच कामाला आहे, डबा घेऊन येते.

---

नाना_ठाणे

डब्यात काय?

---

प्राची_लंडन

थालीपीठ. पण गॅलरीत खायचं नाही, नदीकाठी बसू.